मोठी आवृत्ती आखताना : ओपनव्हॉक्सच्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
ओपनव्हॉक्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीची आखणी करणारी सर्व मंडळी,
व्हॉक्स पुपुली

विषय : मोठ्या आवृत्तीतील प्रत्येक ब्रेकिंग (जुने चालू काम मोडू शकणारा) बदल चालू आवृत्तीवरच स्वतंत्रपणे तपासता यावा, याबाबत विनंती.

सप्रेम नमस्कार.

पपेट हे सर्व्हरांची मांडणी आपोआप राखणारे साधन. त्याच्या मालकीच्या पर्फोर्स कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की पपेटची नवी तयार पॅकेजे यापुढे पूर्वीसारखी सर्वांना खुली राहणार नाहीत. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये आपण, व्हॉक्स पुपुलीच्या स्वयंसेवक समूहाने, त्याच मुक्त स्रोतावरून पपेटच्या खुल्या वारसदाराची, ओपनव्हॉक्सची, पहिली आवृत्ती आमच्या हाती दिली. ज्यांच्या सर्व्हरांची सगळी मांडणी वर्षानुवर्षे पपेटच्या भाषेत लिहिली गेली आहे, त्यांना मधल्या काळात केवढी चिंता होती हे आपणांस वेगळे सांगायला नको. जुने पॅकेज काढून नवे घातले, मॅनिफेस्टची (मांडणी लिहिलेल्या फाइलींची) एकही ओळ बदलावी लागली नाही, प्रमाणपत्रे तीच राहिली आणि एजंट (प्रत्येक यंत्रावर चालणारा भाग) व मध्यवर्ती सर्व्हर पूर्वीसारखेच एकमेकांशी बोलत राहिले. हे काम आपण बहुतांशी स्वयंसेवेने केलेत. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो आणि पपेटचा जुना वापरकर्ता आहे. पत्र आपल्या नावे असले तरी मराठीत लिहितो आहे, कारण पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आणि परदेशातही हेच काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. आवृत्तीची आखणी ही केवळ ती घडवणाऱ्यांची बाब आहे असे समजून ती गप्प राहतात, आणि आवृत्ती आली की मग त्रास सोसतात. आखणीच्या वेळीच बोलले पाहिजे, हे त्यांनीही वाचावे.

आठव्या मालिकेला (पपेट ८ पासून पुढे आलेल्या आजच्या ओपनव्हॉक्स ८ ला) दुरुस्त्या देत राहणे निराळे आणि तिच्या पुढची मोठी आवृत्ती आखणे निराळे. पुढची आवृत्ती लागणारच आहे, यात वाद नाही. पपेट ८ एप्रिल २०२३ मध्ये आले ते रुबी ३.२ (प्रोग्रामिंग भाषा) आणि ओपनएसएसएल ३.० (एन्क्रिप्शनची लायब्ररी) यांच्या पायावर. रुबी ३.२ डिसेंबर २०२२ मधली, आणि रुबीच्या प्रघाताप्रमाणे एका शाखेला सव्वातीन वर्षांच्या आसपासच सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. ओपनएसएसएल ३.० ची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंतची, तर एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.५ शाखेची एप्रिल २०३० पर्यंतची. म्हणजे खालचा पाया बदलणे ही हौस नसून गरज आहे, आणि तो बदलताना मोठा क्रमांक वाढवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. प्रश्न असा आहे की पाया बदलण्याच्या निमित्ताने त्याच आवृत्तीत आणखी काय काय बदलायचे, आणि ते बदल आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने यायचे.

माझे म्हणणे एकच आहे. पुढच्या मोठ्या आवृत्तीत जे जे मोडणार आहे, ते प्रत्येक आठव्या मालिकेतच एका स्वतंत्र सेटिंगने आम्हाला लावून पाहता आले पाहिजे. बाकी काहीही न बदलता, एकेक करून, आणि जमले नाही तर तेवढेच मागे घेता येईल अशा रीतीने. ज्या बदलाची अशी तालीम शक्य नाही, तो बदल त्या आवृत्तीत घेऊ नये. खालच्या पायाचा बदल याला अपवाद ठरेल, कारण जुन्या पॅकेजात नवी रुबी घालता येत नाही. पण म्हणूनच त्या अपवादाच्या सोबतीला दुसरे काही असू नये.

ही मागणी नवी नाही. पपेटच्या इतिहासात ती एकदा बऱ्याच अंशी पाळली गेली होती आणि त्याच वेळी एका बाबतीत मोडलीही गेली होती, म्हणून पपेट ४ चे उदाहरण जरा सविस्तर मांडतो.

पपेट ४ एप्रिल २०१५ मध्ये आले. भाषेचा पार्सर (मॅनिफेस्ट वाचून अर्थ लावणारा भाग) पूर्ण नवा होता, पण तो त्या दिवशी आकाशातून पडला नव्हता. २०१३ मधल्या ३.२ आवृत्तीपासूनच ‘फ्यूचर पार्सर’ या नावाने तो एका सेटिंगमागे बसलेला होता. सुरुवातीला तो प्रायोगिक होता, मध्यंतरी त्याचे वागणे बदलतही गेले, आणि पहिल्या आवृत्त्यांत त्याच्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हते. तरीही तिसऱ्या मालिकेच्या अखेरीस तो स्थिरावला आणि एकेका एन्व्हायर्नमेंटपुरता (यंत्रांच्या एका गटासाठीच्या कोडच्या संचापुरता) लावता येऊ लागला. त्यामुळे प्रॉडक्शन जुन्या पार्सरवर ठेवून चाचणीचे एन्व्हायर्नमेंट नव्यावर चालवणे शक्य झाले. त्याच सुमारास दोन्ही पार्सरांनी एकाच नोडचा (यंत्राचा) कॅटलॉग, म्हणजे त्यावर काय काय असावे याची यादी, तयार करून त्यातला फरक दाखवणारे ‘कॅटलॉग प्रिव्ह्यू’ हे मॉड्यूल (जोडता येणारा कोडचा गठ्ठा) आले, आणि २०१६ मध्ये गिटहबने स्वतःसाठी बनवलेले ‘ऑक्टोकॅटलॉग-डिफ’ सर्वांसाठी खुले केले. ज्यांनी ही साधने वापरली त्यांचा भाषेचा बदल निभावला.

त्या बदलांत दोन जाती होत्या आणि त्यांतला भेद आखणी करताना फार जपून पाहावा असे मला वाटते. पहिली जात आवाज करणाऱ्या बदलांची. फाइलची परवानगी अवतरणचिन्हांशिवाय ०६४४ अशी लिहिली असेल तर पपेट ४ सरळ चूक दाखवून थांबत असे, कारण आकडा आता खरोखरच आकडा झाला होता आणि परवानगीसाठी स्ट्रिंगच (मजकूर) हवी होती. अशा ओळी एखाद्या जुन्या रेपॉझिटरीत शेकड्यांनी सापडल्या तरी त्रास फक्त कंटाळ्याचा असतो. कंपायलर जागा सांगतो, आपण अवतरणचिन्हे घालतो, पुढे जातो.

दुसरी जात गुपचूप अर्थ बदलणाऱ्या बदलांची. पपेट ३ मध्ये रिकामी स्ट्रिंग ही अटीत ‘असत्य’ मानली जाई, पपेट ४ मध्ये ती ‘सत्य’ झाली. असंख्य क्लासांमध्ये प्रॉक्सीसारख्या पॅरामीटरचे मूळ मूल्य रिकामी स्ट्रिंग ठेवलेले असे आणि खाली ‘प्रॉक्सी दिला असेल तर ही ओळ लिही’ एवढीच अट असे. नव्या पार्सरने तोच कोड बिनचूक वाचला, अट खरी मानली आणि यम या पॅकेज-साधनाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘प्रॉक्सी’ या शब्दापुढे काहीच नसलेली ओळ लिहिली. चूक नाही, सूचना नाही, कॅटलॉग यशस्वी. फॅक्ट्सचेही (एजंटने गोळा केलेल्या यंत्राच्या माहितीचेही) तसेच झाले. तिसऱ्या मालिकेत ते मुळात स्ट्रिंग होऊन येत, म्हणून यंत्र व्हर्च्युअल आहे का हे विचारताना लोक उत्तराची तुलना ‘ट्रू’ या स्ट्रिंगशी करत. चौथ्या आवृत्तीत तेच उत्तर खरे बूलियन (सत्य-असत्य मूल्य) म्हणून येऊ लागले आणि ती तुलना कायमची खोटी ठरली. व्हर्च्युअल यंत्रांसाठी लिहिलेला सगळा भाग निमूटपणे वगळला जाऊ लागला.

फॅक्ट्सच्या या बदलालाही तिसऱ्या मालिकेत वेगळी सेटिंग होती, म्हणजे तालीम शक्य होती, आणि तेच पपेट ४ च्या आखणीतले मोठेपण होते. पण गुपचूप बदल तालमीतही गुपचूपच राहतो. तो शोधायला कॅटलॉगांची तुलनाच करावी लागते. म्हणून माझी पुढची विनंती अशी की अर्थ बदलणारा बदल शक्यतो थेट करू नये. आधी एका आवृत्तीत ती जुनी रचनाच चूक ठरवावी, लोकांना ती लिहिणे सोडायला लावावे, आणि त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीत तिला नवा अर्थ द्यावा. याला वेळ लागतो हे मान्य आहे. मॅनिफेस्ट वाचून माणसाच्या मनात जो अर्थ उमटतो तोच यंत्रावर घडावा, हाच मुळात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा आधार आहे, आणि त्याच्यासाठी एक-दोन वर्षे जास्त नाहीत.

आता पपेट ४ मध्ये मोडले कुठे ते सांगतो. भाषेची तालीम शक्य होती, पण त्याच आवृत्तीने पॅकेजांची रचनाही उलटीपालटी केली. रुबी, ओपनएसएसएल, फॅक्टर (फॅक्ट्स गोळा करणारा), हायरा (मूल्ये शोधून देणारा) हे सगळे एकाच एजंट पॅकेजात आले, आणि मांडणी इटीसीखालच्या पपेट डिरेक्टरीतून पपेटलॅब्स नावाच्या डिरेक्टरीत गेली. कोड वेगळ्या जागी, प्रमाणपत्रे वेगळ्या जागी, आज्ञा ऑप्टखाली. रुबी स्वतःसोबत नेण्याचा निर्णय माझ्या मते पपेटच्या उत्तम निर्णयांपैकी एक होता. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण त्याचा भार भाषेच्या बदलावर येऊन पडला. एखाद्या संस्थेत सर्व्हरवरच्या त्या मार्गांवर कोण कोण अवलंबून असते ते पाहा. प्रमाणपत्र कधी संपते ते तपासणारी नागिऑस या देखरेख-साधनाची स्क्रिप्ट, बॅकअपची यादी, सुडोचे नियम, एसईलिनक्सचे संदर्भ, लॉग फिरवण्याची मांडणी, अँटिव्हायरसमधून वगळलेल्या डिरेक्टरींची यादी, आणि हे सगळे बहुधा निरनिराळ्या लोकांच्या ताब्यात. त्यात जुने एजंट नव्या सर्व्हरशी बोलू शकत नव्हते, कारण संवादाचे पत्ते बदलले होते. पपेट सर्व्हर २.० फक्त चौथ्या आवृत्तीच्या एजंटांना ओळखत असे. तिसऱ्या आवृत्तीच्या एजंटांनाही सामावून घेण्याची सोय २.१ मध्ये आली. ती येईपर्यंत सर्व्हर आधी, एजंट सावकाशीने, हा आपला जुना क्रम पाळताच येत नव्हता. क्रमांकांचाही गोंधळ होता : पपेट ४, त्याचे एजंट पॅकेज १, सर्व्हर २, आणि पपेटडीबीचा (पपेटच्या डेटाबेसचा) क्रमांक आणखी निराळा. २०१७ मधल्या पपेट ५ ने हे सगळे क्रमांक एका रेषेत आणले. ती शिस्त आपण ओपनव्हॉक्समध्ये टिकवावी.

यावर नेहमी एक युक्तिवाद केला जातो आणि तो हलका नाही. मोठी आवृत्ती काही वर्षांतून एकदा येते, वापरकर्त्यांना अपग्रेडचा त्रास एकदाच व्हावा, म्हणून जे काही मोडायचे ते त्या एकाच वेळी मोडून घ्यावे. आवृत्ती घडवणाऱ्याच्या बाजूने हे खरे आहे. दोन शाखा सांभाळणे, जुनी वागणूक सेटिंगमागे जिवंत ठेवणे, दोन्हींच्या चाचण्या चालवणे, हे सगळे स्वयंसेवकांच्याच वेळातून जाते. पण वापरणाऱ्याच्या बाजूने त्रास ‘एकदाच’ होत नाही, तो गुंततो. शनिवारी रात्री अपग्रेड केले आणि सोमवारी सकाळी एका सेवेचे वागणे बदललेले दिसले, तर कारण भाषा आहे, रुबी आहे, ओपनएसएसएल आहे, फॅक्ट्स आहेत की मार्ग, हे पाच धागे एकत्र वळलेल्या दोरीतून वेगळे करावे लागतात. आणि पाचांपैकी चार बदल बिनतक्रार चालत असूनही पाचव्यासाठी सगळेच मागे घ्यावे लागते. एकेक बदल आधीच लावून पाहिलेला असेल, तर मोठ्या आवृत्तीच्या रात्री उरतो फक्त पायाचा बदल, आणि संशयाला एकच जागा राहते.

पपेट ८ कडे पाहिले तर या दृष्टीने ती आवृत्ती पुष्कळ समंजस होती. कडक तपासणी, न घोषित केलेल्या चलांना मनाई, जुन्या फॅक्ट्सना निरोप, या तिन्हींना आधीपासून सेटिंग होती. जुने फॅक्ट्स बंद करून पाहण्याची सोय सातव्या मालिकेतही आली होती. तरीही माझ्या परिचयातल्या अनेकांना सर्वांत जास्त त्रास जुन्या फॅक्ट्सचाच झाला. का झाला, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण पुढच्या आखणीसाठी ते उपयोगी पडेल.

यंत्राचा पत्ता पूर्वी ‘आयपीअॅड्रेस’ या सपाट नावाने मिळे, आता तो ‘नेटवर्किंग’ या रचनेच्या आत ‘आयपी’ या किल्लीखाली असतो. मॅनिफेस्टमध्ये जुने नाव थेट चल म्हणून राहिले असेल तर कडक तपासणी कंपायलरला थांबवते, आणि पपेट-लिंट हे कोड तपासणारे साधन ते आधीच दाखवते. पण तेच नाव ईआरबी टेम्प्लेटात (रुबी मिसळून लिहिलेल्या फाइलीच्या साच्यात) असेल तर ते रुबीच्या इन्स्टन्स चलाच्या रूपात असते, आणि रुबीत असे चल कधी दिलेच नसले तर ते निमूटपणे ‘निल’ असते. टेम्प्लेटात त्याची जागा रिकामी राहते. कडक तपासणी तिथे पोचत नाही, लिंट ती फाइल उघडतही नाही. एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘लिसनअॅड्रेस’ पुढे असे चल लिहिलेले असेल, तर कॅटलॉग बिनचूक तयार होतो, फाइल बिनचूक लिहिली जाते, त्या शब्दापुढे फक्त पत्ता नसतो, आणि सेवा पुन्हा सुरू होण्याच्या वेळी नकार देते. आता ज्या यंत्रावर आपण एसएसएचनेच पोचतो त्या यंत्रावर ही वेळ आली तर पुढे काय, हे आपण जाणताच. हायराच्या श्रेणीचेही तसेच. तिथल्या मार्गात घातलेले नाव रिकामे निघाले तर त्या मार्गावर फाइल सापडत नाही, आणि न सापडलेली फाइल ही हायराच्या लेखी चूक नसते. पुढचा स्तर पाहिला जातो आणि सर्वसाधारण मूल्य लागू होते.

म्हणून केवळ सेटिंग देऊन भागत नाही. आठव्या मालिकेतल्या सर्व्हरने कॅटलॉग तयार करताना, पुढच्या आवृत्तीत जाणार असलेली कोणती गोष्ट कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीने वापरली, याची नोंद करावी. त्यात टेम्प्लेट आणि हायराही यावेत. आणि ही नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये न टाकता डेटाबेसमध्ये विचारता येईल अशी ठेवावी. कंपायलरच्या सूचना आज सर्व्हरच्या लॉगमध्ये जातात, एजंटच्या अहवालात त्या दिसत नाहीत, आणि तो लॉग काहीतरी बिघडल्याशिवाय कोणी उघडत नाही. त्याऐवजी मला माझ्या ओपनव्हॉक्सडीबीला विचारता आले की पुढच्या आवृत्तीत मोडतील अशा जागा कोणत्या आणि त्यांतल्या कोणत्या मॉड्यूलमधल्या, तर महिनाभर आधी मी ती यादी माझ्या वरिष्ठांपुढे ठेवू शकतो, आणि यादी शून्यावर आली की तारीख मागू शकतो. आज तारीख आधी ठरते आणि यादी नंतर सापडते.

यातच मॉड्यूलांचा प्रश्न येतो. प्रत्येक मॉड्यूल आपल्या मेटाडेटात चालणाऱ्या आवृत्तीची वरची सीमा लिहून ठेवते, आणि मोठा क्रमांक बदलला की कोडमध्ये काहीही न बदलता ती सीमा हलवण्यासाठी शेकडो मॉड्यूलांच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागतात. व्हॉक्स पुपुलीच्या स्वतःच्या मॉड्यूलांचे आपण स्वयंचलित साधनांनी करता ते मी पाहिले आहे. पण पपेट फोर्ज या मॉड्यूलांच्या भांडारात अशीही पुष्कळ मॉड्यूल आहेत ज्यांचा लेखक आता त्या कामात राहिलेला नाही. मोठ्या आवृत्तीची घोषणा करण्याआधी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मॉड्यूलांवर नव्या आवृत्तीच्या चाचण्या चालवून त्यांचा निकाल प्रसिद्ध करावा. कोणते चालते, कोणते नाही, कोणते अनाथ आहे, एवढे कळले तरी पर्याय शोधायला वेळ मिळतो. पपेट ६ मध्ये नागिऑसचे प्रकार (टाइप) गाभ्यातून बाहेर काढले तेव्हा क्रॉन, माउंट, यमरेपो असे रोजच्या वापरातले प्रकार वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेऊनही एजंट पॅकेजात सोबत दिले गेले होते. ती रीत फार चांगली होती. वेगळे करा, पण हातातून काढून घेऊ नका. त्याच आवृत्तीत प्रमाणपत्रांची जुनी आज्ञा मात्र काढून टाकून नवी आणली गेली, आणि नवे यंत्र उभे करणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट तिथे अडल्या. जुन्या नावाने नव्या आज्ञेला हाक मारणारा एक छोटा दुवा एखादी मालिका राहिला असता तर कोणाचेच नुकसान नव्हते.

मार्गांच्या नावांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हा मोह पुढे नक्की होईल. ओपनव्हॉक्सची पॅकेजे आजही पपेटलॅब्स नावाच्याच डिरेक्टरींत राहतात. जी कंपनी आता त्या नावाने अस्तित्वात नाही, तिचे नाव आपल्या प्रकल्पाच्या प्रत्येक मार्गात असावे हे आपल्याला खटकत असेल तर ते स्वाभाविक आहे. तरीही, कृपा करून, रुबी आणि ओपनएसएसएल बदलणाऱ्या आवृत्तीत हे नाव बदलू नका. कायद्याच्या कारणाने बदलणे भागच पडले, तर जुन्या मार्गांचे दुवे पुढची संपूर्ण मालिका टिकवा, आणि नवा मार्ग आठव्या मालिकेतच ऐच्छिक करून द्या.

ऑपरेटिंग सिस्टिमांच्या यादीविषयी अॅन्सिबल या याच कामाच्या शेजारच्या प्रकल्पाचे उदाहरण उपयोगी आहे. मे २०२४ मधल्या अॅन्सिबल-कोअर २.१७ ने व्यवस्थापित यंत्रांवरच्या पायथन ३.६ चा आधार काढला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चा मूळ पायथन ३.६ आहे आणि त्याच्या पॅकेज व्यवस्थेचे पायथन-दुवे त्या मूळ पायथनलाच बांधलेले आहेत. त्यामुळे ज्या सिस्टिमला तिच्या निर्मात्यांकडून २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तिच्यावर नव्या अॅन्सिबलने पॅकेज बसवणेच अडचणीचे झाले आणि अनेकांनी २.१६ वरच थांबणे पसंत केले. आपला एजंट स्वतःची रुबी सोबत नेतो म्हणून आपण या सापळ्यातून सुटलो आहोत; २०१५ च्या त्या निर्णयाचे हेच मोल. ते वाया जाऊ देऊ नये. कोणत्या सिस्टिमसाठी नवी पॅकेजे बनणार नाहीत ते किमान सहा महिने आधी सांगावे, आणि वगळलेल्या सिस्टिमवरचा आठव्या मालिकेचा शेवटचा एजंट नव्या सर्व्हरशी बोलत राहील याची हमी चाचण्यांसह द्यावी. सगळी यंत्रे एका रात्रीत बदलणारी संस्था मी तरी पाहिलेली नाही.

शेवटी कालावधी. इकडच्या बँका, पतसंस्था, विमा कंपन्या यांच्याकडे मार्चअखेर हिशेब बंद होईपर्यंत सर्व्हरला हात लावू देत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून बदलांवर बंदी असते. विक्रीच्या क्षेत्रात ही बंदी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत असते. लेखापरीक्षकाला मात्र कोणत्याही महिन्यात ‘या आवृत्तीला आधार आहे का’ या प्रश्नाचे हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. नवी आवृत्ती आली आणि जुनीच्या सुरक्षा-दुरुस्त्या सहा महिन्यांत थांबल्या, तर आमच्यातल्या कित्येकांच्या हाती प्रत्यक्ष कामाचे काही आठवडेच उरतात. म्हणून नवी मोठी आवृत्ती आल्यावर आठव्या मालिकेला किमान बारा महिने सुरक्षा-दुरुस्त्या मिळाव्यात, आणि ही तारीख आवृत्ती बाहेर पडण्याच्या दिवशीच लिहून दिलेली असावी. रुबी ३.२ ची मुदत संपल्यावर हे अवघड जाईल, हे मी जाणतो. त्यावर उपाय म्हणून नव्या आवृत्तीत कमी गोष्टी घ्या आणि ती लवकर काढा. भाषेचे सुंदर बदल त्याच्या पुढच्या आवृत्तीत आले तरी कोणाचे काही अडत नाही; पण मुदत संपलेल्या रुबीवर अडकून पडण्याने अडते.

एवढे मागताना आमच्या बाजूने काय देता येईल तेही लिहिले पाहिजे. मोठ्या आवृत्तीच्या चाचण्यांत सर्वांत दुर्मीळ असतो तो खरा, जुना, अनेक हातांनी लिहिलेला कोड, आणि तो आमच्याकडे भरपूर आहे. तो जसाच्या तसा खुला करणे बहुतेक संस्थांना शक्य नाही. परंतु दोन सर्व्हरांवर एकाच नोडचा कॅटलॉग तयार करून, नावे आणि मूल्ये झाकून, केवळ फरकाचा सांगाडा बाहेर देणे शक्य आहे. आठव्या मालिकेचा आणि नव्या आवृत्तीचा सर्व्हर शेजारी शेजारी उभा करून अशी तुलना करणारे आणि फरक झाकून देणारे एक साधन आपण रिलीज कॅन्डिडेटसोबत (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी-आवृत्तीसोबत) दिलेत, तर ते चालवायला पैसा किंवा खास परवानगी लागणार नाही. त्यासाठी रिलीज कॅन्डिडेट किमान आठ आठवडे आधी, वेगळ्या रेपॉझिटरीत, सर्व्हर आणि एजंट दोन्हींच्या पॅकेजांसह यावा. एजंटाविना आलेल्या कॅन्डिडेटवर खरी चाचणी होत नाही.

असा कॅन्डिडेट आला की आमच्या चाचणी सर्व्हरांवर तो बसवून तुलनेचे निकाल आपल्याकडे पाठवण्याची तयारी मी आणि माझे काही सहकारी ठेवून आहोत. रेड हॅट घराण्यातल्या आणि उबंटूच्या, दोन्ही प्रकारच्या यंत्रांचे निकाल देता येतील. हे वाचणाऱ्या इतर मराठी सर्व्हर-प्रशासकांनी आपल्याकडच्या सिस्टिमांची भर त्यात घालावी. विशेषतः सुसे आणि डेबियन वापरणाऱ्यांची आम्हाला गरज आहे.

कळावे.

आपला,
पुण्यातील एक सर्व्हर-प्रशासक